आतून दिला जाणारा किरणोपचार : मात्रा कशी मोजतात?



पिकावर औषध मारताना पंधरा लिटरच्या पंपाला किती मिलिलिटर घालावयाचे आणि एकरी किती पंप मारावयाचे, हे आपण दुकानदाराला विचारून, बाटलीवरचा कागद वाचून मगच ठरवितो. औषध कमी पडले तर कीड मरत नाही, उलट ती अधिक चिवट होते. जास्त झाले तर पीक करपते. कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या किरणांचेही असेच आहे. फरक एवढाच की तेथे पीक म्हणजे आपल्याच घरातील माणूस असते. म्हणून तेथील मोजमाप मिलिलिटरमध्ये नव्हे, तर मिलिमीटर आणि सेकंदांमध्ये चालते.

हा विषय या पानावर घेण्यास कारण आहे. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाताना काही गोष्टी आमच्या कानावर वारंवार येतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या बाईला इस्पितळात पाच आठवडे बाहेरून 'लाईट' देतात. रक्त जाणे थांबते, दोन घास गोड लागतात, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग डॉक्टर सांगतात, "आता आतून लाईट द्यावयाचा आहे, त्यासाठी आणखी तीन-चार वेळा यावे लागेल." येथे गाडे अडते. आतून म्हणजे काय, ही भीती असते. लाजही असते. त्यातच रोपलावणीचे किंवा सुगीचे दिवस असतात. "बरे तर वाटतेच आहे, भात घरात आल्यावर बघू," असे म्हणून बाई घरीच राहते. दुसरा प्रश्न असा येतो : "फादर, शेजारच्या खाटेवरच्या बाईला चार मिनिटे मशीन लावले आणि हिला आठ मिनिटे. हे लोक अंदाजाने तर देत नाहीत ना?"

अंदाजाने देत नाहीत. कसे देतात ते समजले तर भीती बरीच कमी होईल आणि उपचार अर्धा सोडण्यात किती धोका आहे तेही कळेल. म्हणून हा लेख.

बाहेरून आणि आतून

बाहेरून दिलेला किरण म्हणजे शेताला पाटाने सोडलेले पाणी. ते सगळ्या वाफ्याला मिळते. गाठ, तिच्या आजूबाजूच्या ग्रंथी, जेथे जेथे रोगाचे बी सांडले असण्याचा संभव आहे, त्या सर्व भागाला मात्रा मिळते. पण वाटेतल्या आतड्यालाही मिळते, मूत्राशयालाही मिळते. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे बाहेरून किरण देता येत नाहीत.

आतून दिलेला किरण म्हणजे ठिबक. ज्या झाडाला पाहिजे, त्याच्या मुळाशीच. या उपचाराला ब्रॅकिथेरपी म्हणतात. 'ब्रॅकी' हा ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ 'जवळचा' किंवा 'आखूड'. किरणे देणारा छोटासा दाणा गाठीच्या अगदी जवळ, काही मिनिटांपुरता नेऊन ठेवावयाचा आणि परत काढून घ्यावयाचा, एवढीच या उपचाराची कल्पना.

कल्पना जुनी आहे. मेरी आणि पिएर क्युरी या दांपत्याने १८९८ साली रेडियमचा शोध लावला. १९०१ साली पिएर क्युरी यांनी पॅरिसमधील डॉ. दान्लो यांना थोडे रेडियम रोग्यांवर वापरून पाहावयास सुचविले. त्या काळी रेडियमच्या नळ्या हातांनीच ठेवीत आणि मात्रेचा हिशेब 'मिलिग्रॅम-तास' असा करीत, म्हणजे किती मिलिग्रॅम रेडियम आणि किती तास ठेवले, याचा गुणाकार. खताची किती पोती शेतात नेली ते सांगावे, पण कोणत्या रोपाला किती मिळाले ते सांगू नये, तसा तो हिशेब होता. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे मार्गारेट टॉड आणि मेरेडिथ यांनी १९३८ साली यात मोठी सुधारणा केली. त्यांनी शरीरातील एक नेमकी जागा ठरविली : योनीमार्गाच्या वरच्या कोपऱ्यापासून २ सेंटिमीटर वर आणि गर्भाशयाच्या मधल्या पोकळीपासून २ सेंटिमीटर बाजूला. या जागेला त्यांनी 'बिंदू ए' म्हटले आणि 'या बिंदूवर किती मात्रा पोहोचली' हे मोजावयास सुरुवात केली. आज हा बिंदू जुना झाला असला तरी अनेक इस्पितळांत अजूनही वापरात आहे.

मात्रेचे माप

धान्याला किलो, दुधाला लिटर, तसे किरणांच्या मात्रेला 'ग्रे' हे माप आहे. लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव १९७५ साली या मापाला देण्यात आले. शरीराच्या एक किलो भागात एक ज्यूल एवढी ऊर्जा शोषली गेली की ती एक ग्रे मात्रा झाली. जुन्या कागदांवर 'रॅड' असे माप आढळेल. १०० रॅड म्हणजे १ ग्रे.

ही ऊर्जा किती थोडी असते हे ऐकून नवल वाटेल. आतून एका वेळी बहुधा ७ ग्रे मात्रा देतात. एवढ्या ऊर्जेने पाणी तापविले तर ते एका अंशाच्या सहाशेव्या भागाइतकेसुद्धा धड तापणार नाही. म्हणूनच 'शेक देणे' हा आपल्याकडचा शब्द फसवा आहे. रोगाच्या पेशी भाजून मरत नाहीत. पेशीच्या आत वाढीची सूचना ज्या धाग्यावर लिहिलेली असते, तो धागा किरणांमुळे तुटतो. मग पेशीला नवी पेशी तयार करता येत नाही आणि ती संपते. बियाणे वरून धडधाकट दिसावे, पण कोंब मेलेला असावा, तसे हे आहे.

मात्रा कशावर अवलंबून असते?

पहिली गोष्ट, दाण्याचा जोर. आज बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ या धातूचा दाणा वापरतात. काही ठिकाणी कोबाल्ट-६० वापरतात. इरिडियमचा दाणा जिऱ्याच्या दाण्याहूनही लहान असतो आणि एका बारीक पोलादी तारेच्या टोकाला पक्का बसविलेला असतो. नवा असताना त्याचा जोर साधारण १० क्युरी असतो. पण हा जोर रोज घटत जातो. बियाणे जुने होईल तशी त्याची उगवण कमी होते ना, तसेच. इरिडियमचा जोर सुमारे ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणजे दर दिवशी जवळजवळ शेकडा एक घटतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी दाणा बदलावा लागतो. कोबाल्टचा जोर निम्मा होण्यास सव्वापाच वर्षे लागतात, म्हणून तो दाणा पुष्कळ टिकतो.

दुसरी गोष्ट, अंतर. सर्वांत महत्त्वाची हीच. पंपाचा नोझल एक फुटावर धरला तर फवाऱ्याचे जेवढे वर्तुळ पडते, ते दोन फुटांवर दुप्पट रुंद आणि दुप्पट लांब होते. म्हणजे तेच औषध चौपट जागेवर पसरते आणि प्रत्येक पानाच्या वाट्याला पावपट येते. तीन फुटांवर धरला तर नवव्या हिश्श्याइतके. किरणांचेही हेच गणित आहे : अंतर दुप्पट तर मात्रा एक चतुर्थांश, तिप्पट तर एक नवमांश, पाचपट तर पंचविसावा भाग. आतून उपचार करण्याचा सगळा फायदा या एका नियमात आहे. गाठ जवळ असते, तिला भरपूर मिळते. बाकीचे शरीर दूर असते, त्याला फार थोडे मिळते.

तिसरी गोष्ट, वेळ. दाणा दुप्पट वेळ थांबला तर मात्रा दुप्पट. हे सरळ आहे.

चौथी गोष्ट, दाण्याची घडण आणि शरीराचा अडथळा. दाणा गोल नसून लांबट असतो. त्याच्या बाजूने जेवढे किरण निघतात, तेवढे टोकाच्या दिशेने निघत नाहीत, कारण तेथे धातूची अधिक जाडी आडवी येते. शिवाय शरीरातील पाणी व मांस काही किरण शोषते, काही विखुरते. या बारीकसारीक गोष्टींसाठी वेगवेगळे गुणक ठरविलेले आहेत. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या ४३ क्रमांकाच्या समितीने १९९५ साली ही पद्धत मांडली आणि २००४ साली सुधारली. जगभरची इस्पितळे तीच वापरतात. सूत्र शब्दांत सांगावयाचे तर असे : दाण्याचा जोर, गुणिले त्या जातीच्या दाण्याचा ठरलेला गुणक, गुणिले अंतराचा परिणाम, गुणिले शोषणाचा परिणाम, गुणिले दिशेचा परिणाम. एवढा गुणाकार केला की त्या जागी ताशी किती मात्रा मिळते ते कळते. मग त्याला वेळेने गुणावयाचे.

एक उदाहरण

आपण बाजारचा हिशेब करतो तसा हाही करून पाहू. सोपे जावे म्हणून दाणा एकाच जागी थांबला असे धरू.

१० क्युरीचा नवा इरिडियमचा दाणा १ सेंटिमीटर अंतरावर मिनिटाला सुमारे ७.५ ग्रे मात्रा देतो. २ सेंटिमीटरवर ती एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे १.८७५ ग्रे. आपल्याला २ सेंटिमीटरवर ७ ग्रे पाहिजेत. ७ भागिले १.८७५ म्हणजे ३.७३ मिनिटे, अर्थात २२४ सेकंद.

हाच दाणा महिन्याने वापरला तर? ३० दिवसांत त्याचा जोर मूळच्या शेकडा ७५ एवढा उरतो. मग त्याच ७ ग्रेसाठी सुमारे २९७ सेकंद लागतील. ७४ दिवसांनी जोर निम्मा, म्हणून वेळ दुप्पट : ४४८ सेकंद.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. एकीला चार मिनिटे आणि दुसरीला आठ मिनिटे लागली, तरी दोघींना मिळालेली मात्रा एकच असू शकते. पहिलीच्या वेळी दाणा नवा होता, दुसरीच्या वेळी जुना. चांगल्या पाण्याच्या दिवसात मोटार एक तास लावून जेवढे भिजते, तेवढेच भिजण्यास उन्हाळ्यात दोन तास लागतात. मिनिटे वेगळी, पाणी तेवढेच. शेजारणीच्या मिनिटांशी आपली मिनिटे ताडून पाहण्यात अर्थ नाही.

एक दाणा, अनेक थांबे

खऱ्या उपचारात दाणा एकाच जागी थांबत नाही. प्रथम रोग्याला भूल देतात, बहुधा कमरेखालची. मग गर्भाशयात एक बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी दोन्ही बाजूंस दोन गोलसर नळ्या किंवा एक कडे बसवितात. या वेळी त्या नळ्या रिकाम्याच असतात. नंतर नळ्या जागेवर असतानाच सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढतात. जेथे ही सोय नाही तेथे साधा एक्स-रे काढतात. डॉक्टर त्या चित्रांवर गाठीची हद्द आखतात आणि मूत्राशय, गुदाशय व आतड्याचीही हद्द आखतात. जणू शेताचा सर्व्हे नकाशाच.

त्यावर वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ गणित मांडतात. दाणा नळीत अडीच किंवा पाच मिलिमीटरच्या टप्प्याने पुढेमागे थांबविता येतो. कोणत्या थांब्यावर किती सेकंद थांबावयाचे, हे संगणकाच्या मदतीने ठरते. एखाद्या थांब्यावर दोन सेकंद, पुढच्यावर चौदा, त्यापुढच्यावर एकही नाही. जेथे तण दाट तेथे अधिक, जेथे नाजूक रोप तेथे कमी. शरीरातील प्रत्येक जागेला या सर्व थांब्यांकडून थोडे थोडे मिळते. त्या सर्वांची बेरीज म्हणजे त्या जागेची मात्रा. पूर्वी हा हिशेब तक्ते आणि पेन्सिल घेऊन करीत. आज संगणक शेकडो बिंदूंवरची बेरीज काही क्षणांत करतो. पण हद्द आखणारा हात आणि शेवटची सही माणसाचीच असते.

शेजारचे अवयव

गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय, दोन्ही अगदी चिकटून. त्यांना मात्रा अधिक झाली तर वर्ष-दोन वर्षांनीसुद्धा लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे, जखम होणे, भोक पडणे असे त्रास उद्भवू शकतात. म्हणून डॉक्टर गाठीला किती मिळाले एवढेच पाहत नाहीत. शेजाऱ्याला किती मिळाले तेही पाहतात. आजच्या पद्धतीत प्रत्येक अवयवाच्या सर्वांत अधिक मात्रा मिळालेल्या २ घन सेंटिमीटर भागाचा, म्हणजे साधारण एका मोठ्या शेंगदाण्याएवढ्या भागाचा, हिशेब वेगळा लिहून ठेवतात.

या ठिकाणी साध्या पट्टीच्या कापडाचे महत्त्व पाहा. नळ्या बसविल्यावर डॉक्टर योनीमार्गात कापडाची लांब पट्टी हळूहळू भरून गुदाशय मागे आणि मूत्राशय पुढे सारतात. बायांना हे ठासणे नकोसे वाटते. पण हिशेब करा. गुदाशयाची भिंत २ सेंटिमीटरवर असती तर तिलाही ७ ग्रे मिळाले असते. पट्टीने ती फक्त अर्धा सेंटिमीटर मागे सरली, अडीच सेंटिमीटरवर गेली, तर मात्रा सुमारे साडेचार ग्रेवर येते. अर्ध्या सेंटिमीटरने एक तृतीयांशाहून अधिक मात्रा वाचली. म्हणूनच नळ्या बसविल्यापासून काढेपर्यंत हलू नका, कुशीवर वळू नका, असे सिस्टर सारखे बजावीत असतात. हलल्याने नळी सरकली तर नकाशा एका शेताचा आणि फवारणी दुसऱ्या शेतात, असे व्हावयाचे.

हप्त्यांचे गणित

युरियाचे पोते एकदम टाकले तर पीक जळते. तोच युरिया तीन हप्त्यांत विभागून दिला तर पीक जोमाने येते. किरणांची मात्राही हप्त्यांत देतात, कारण निरोगी पेशी दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात आपली दुरुस्ती करून घेतात आणि रोगाच्या पेशींना ती तितकीशी साधत नाही. पण एक अडचण येते. बाहेरून रोज १.८ ग्रे आणि आतून एकदम ७ ग्रे, यांची सरळ बेरीज कशी करावयाची? मोठ्या हप्त्याचा मार लहान हप्त्यापेक्षा अधिक असतो.

यासाठी सर्व मात्रा '२ ग्रेच्या हप्त्यांत दिली असती तर किती झाली असती' अशा एकाच मापात बदलून घेतात. रीत अशी : हप्त्याच्या मात्रेत एक ठरलेला आकडा मिळवावा, आलेल्या बेरजेने एकूण मात्रेला गुणावे, मग २ मध्ये तोच आकडा मिळवून त्याने भागावे. गाठीसाठी तो आकडा १० धरतात. निरोगी अवयवांच्या उशिरा दिसणाऱ्या इजेसाठी ३ धरतात.

आता करून पाहू. बाहेरून १.८ ग्रेचे २५ हप्ते, एकूण ४५ ग्रे. गाठीसाठी ते ४५ गुणिले ११.८ भागिले १२, म्हणजे सुमारे ४४. आतून ७ ग्रेचे ४ हप्ते, एकूण २८ ग्रे. गाठीसाठी ते २८ गुणिले १७ भागिले १२, म्हणजे सुमारे ४०. एकूण ८४. गाठ समूळ जाण्यासाठी साधारण ८० ते ९० पाहिजेत. आपले ८४ त्यात बसले.

गुदाशयाचे पाहू. बाहेरून ४५ गुणिले ४.८ भागिले ५, म्हणजे ४३. आतून जर त्यालाही दर वेळी ७ ग्रे मिळाले, तर २८ गुणिले १० भागिले ५, म्हणजे ५६. एकूण ९९. गुदाशयाची मर्यादा सुमारे ७५ आहे, म्हणजे हे फार झाले. पण पट्टी नीट भरून ते ४.५ ग्रेवर आणले, तर आतून एकूण १८ ग्रे आणि हिशेबाने १८ गुणिले ७.५ भागिले ५, म्हणजे २७. एकूण ७०. मर्यादेच्या आत. अर्ध्या सेंटिमीटर कापडाने ९९ चे ७० केले. (मूत्राशयाची मर्यादा थोडी अधिक, सुमारे ९० धरतात.)

या हिशेबात आणखी एक आकडा दडलेला आहे आणि तोच आम्हांला आपणापुढे ठेवावयाचा आहे. बाहेरचा उपचार घेऊन जी बाई घरी राहिली, तिच्या गाठीला मिळाले ४४. पाहिजेत ८० ते ९०. म्हणजे औषध जवळजवळ निम्मेच झाले. रक्त थांबले, कारण वरवरची गाठ आक्रसली. तणाची पाने वाळली, पण मूळ जमिनीत जिवंत आहे. पुढच्या पावसात ते वर येणार. शिवाय बाहेरचे व आतले मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांत पुरा व्हावा, असा नियम आहे. त्यापुढे जाणाऱ्या दर दिवसामागे यशाची शक्यता शेकडा अर्धा ते एक एवढी घटते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. 'सुगी झाल्यावर बघू' या एका वाक्याची किंमत एवढी आहे. भात एक दिवस उशिरा कापले तर चालते. हे चालत नाही.

चूक होऊ नये म्हणून

एवढे जोरदार साधन म्हटले की धाक वाटणारच आणि तो असावाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, इंडियाना नावाच्या गावी, एका वृद्ध बाईच्या उपचारात इरिडियमचा दाणा तारेपासून तुटून तिच्या शरीरातच राहिला. खोलीतील धोक्याचे यंत्र वाजत होते. पण ते यंत्रच बिघडले असावे, असे समजून कर्मचाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले आणि हातातील मोजणी-यंत्राने तपासून पाहिले नाही. तिला तीन हप्त्यांत मिळून १८ ग्रे द्यावयाचे होते. दाण्यापासून एक सेंटिमीटरवर ती मात्रा सुमारे १६,००० ग्रे झाली. पाच दिवसांनी ती बाई वारली. हे सारे उघड झाले ते दाणा कचऱ्यात जाऊन दूरच्या कचरा-केंद्रावरील यंत्र वाजले तेव्हा.

त्या घटनेपासून जगाने धडा घेतला. आज खऱ्या दाण्याआधी एक खोटी तार नळीतून फिरवून मार्ग मोकळा आहे ना ते यंत्रच पाहते. दाणा परत पेटीत आल्यावर खोलीतील मापक पाहतात आणि हातातील मापकाने रोग्याचीही तपासणी करतात. नवा दाणा आला की इस्पितळात त्याचा जोर स्वतः मोजून कारखान्याच्या दाखल्याशी ताडतात. संगणकाने काढलेला वेळ दुसऱ्या रीतीने पुन्हा पडताळतात. आपल्या देशात १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय असे यंत्र चालविता येत नाही.

उपचाराच्या वेळी रोगी खोलीत एकटीच असते, पण कॅमेऱ्यातून तिच्यावर नजर असते आणि बोलता-ऐकता येते. साधारण दहा-वीस मिनिटे लागतात. दाणा बाहेर गेला की शरीरात किरण उरत नाहीत. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण काही घरांत अशा बाईचे ताट वेगळे काढतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. याची काही एक गरज नाही. टॉर्च विझविल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे. कर्करोग हा स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

१. उपचार सुरू होतानाच डॉक्टरांना विचारावे : बाहेरचे किती हप्ते, आतले किती, आणि शेवटची तारीख कोणती? ती तारीख घरातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी.

२. बाहेरचा उपचार संपताच आतल्या उपचाराची तारीख घेऊनच घरी परतावे. त्या इस्पितळात सोय नसेल तर दुसरीकडची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्यावी.

३. आपल्याला एकूण किती ग्रे मात्रा मिळाली, याचा कागद मागून जपून ठेवावा. पुढे कधी त्रास झाला तर दुसऱ्या डॉक्टरला तो लागतो.

४. उपाशीपोटी येणे, एनिमा घेणे, लघवीची नळी ठेवणे याबद्दलच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. त्यांवर अवयवांचे अंतर अवलंबून असते.

५. रेशन कार्ड व आधार घेऊन सरकारी आरोग्य योजनेची चौकशी इस्पितळातील मदत-खिडकीवर पहिल्याच दिवशी करावी.

६. उपचारानंतर महिन्या-दोन महिन्यांत जुलाब, लघवीची जळजळ, थकवा जाणवू शकतो. शौचातून किंवा लघवीतून रक्त गेल्यास केव्हाही, वर्षानंतरसुद्धा, त्याच इस्पितळात दाखवावे.

रोग येण्याआधी

२०२२ च्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा रोग झाला आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू झाले. यांतील पुष्कळसे टाळता येण्यासारखे होते. महाराष्ट्रातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक खेडूत बायांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत रोगाच्या विषाणूची तपासणी फक्त एकदा झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बाया होत्या. तेव्हा तीस वर्षांवरील प्रत्येक बहिणीने तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले, किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले तर लाजेपायी लपवू नये. मुलींसाठी या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली. नऊ ते चौदा वर्षांच्या वयात ती दिल्यास सर्वांत गुणकारी ठरते.

शेवटी

बेनसिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास सांगितले आहे, कारण त्याची विद्याही देवाकडूनच येते. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, अशी ती शिकवण आहे. रुग्णांचा तैलाभ्यंग हा संस्कार आपण उपचाराला जाण्यापूर्वी जरूर घ्यावा. तो केवळ मरणाऱ्यांसाठी आहे हा समज सोडावा. पण तेल लावून घेतले म्हणून किरणांचे राहिलेले हप्ते माफ होत नाहीत.

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. लावणीला आणि कापणीला आपण पैऱ्याने एकमेकांच्या शेतात जातोच. ज्या घरची बाई उपचाराला गेली आहे, त्या घरचा पैरा या हंगामात परत मागू नका. चार दिवस त्यांची गुरे सांभाळा, भात कापून द्या, मुलांना दोन घास घाला. महिला मंडळाने आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनी अशा घरांची यादी करून प्रवासाला सोबतीची बाई द्यावी. इस्पितळात सेकंदांचा हिशेब ठेवणारी माणसे आहेत. बाईला ठरल्या दिवशी तेथे पोहोचविण्याचे काम मात्र आपले आहे.